परत आलेला प्रसाद
(गीता, अध्याय ९, श्लोक २३ याच्या अनुरोधाने)

चेन्नईतील तिरुवल्लिक्केणी भागात राहणारे एक मराठी गृहस्थ आमच्या रविवारच्या गीतापाठास नेमाने येतात. मागील श्रावणात त्यांच्या घरी प्रथमच श्रीसत्यनारायणाची पूजा झाली. पूजा आटोपल्यावर त्यांच्या पत्नीने जिन्यातील सर्व बिऱ्हाडांत प्रसादाच्या वाट्या पाठविल्या. समोरच्या बिऱ्हाडात बारा वर्षांपासून एक मुसलमान कुटुंब राहते. दर ईदेला त्यांच्याकडून शिरखुर्मा येतो आणि या घरी तो आवडीने खाल्ला जातो. दिवाळीचा फराळ इकडून तिकडे जातो व तोही तितक्याच आवडीने घेतला जातो. परंतु या खेपेस त्या घरचे वडील गृहस्थ, ज्यांना सारा जिना ‘भाई’ म्हणून हाक मारतो, स्वतः वाटी घेऊन दाराशी आले व म्हणाले, “ताई, फराळ आम्ही नेहमी घेतो. हे मात्र पूजेतले आहे. आम्हांला चालत नाही, राग मानू नका.”

बाईंना राग आला असता तर तो चार दिवसांत शमला असता. त्यांना अपमान वाटला. येत्या ईदेला शिरखुर्म्याचे भांडे असेच दारातून परत करावयाचे, असे त्यांनी मनाशी ठरविले. पुढच्या रविवारी गृहस्थांनी पाठ संपल्यावर मला विचारले, “शास्त्रीबुवा, देव एकच ना? मग प्रसाद परत का आला? आणि त्यांचा देव निराळाच असेल, तर नवव्या अध्यायात भगवंतांनी जे आश्वासन दिले त्याचा अर्थ काय राहिला?”

प्रश्न वाटीएवढा लहान दिसतो, पण ‘सर्व धर्मांचा देव एकच’ हे वाक्य आपण सहजी बोलून जातो. ते खरे आहे काय, आणि खरे असल्यास कोणावर बंधनकारक आहे, याचा विचार मात्र क्वचितच करतो. म्हणून त्या दिवशी जे बोलणे झाले, त्याचाच विस्तार येथे करीत आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, हा प्रश्न जेथे विचारला गेला ते स्थळ गीतेच्या अभ्यासकास परके नाही. तिरुवल्लिक्केणी येथे श्रीपार्थसारथीचे प्राचीन देवालय आहे. वैष्णवांच्या एकशे आठ दिव्यदेशांत त्याची गणना होते. येथील मूलमूर्तीस मिशा आहेत. हाती शंख आहे, पण चक्र नाही. कारण युद्धात शस्त्र धरणार नाही असे वचन देऊन जो रथावर बसला, तो हा श्रीकृष्ण. उत्सवमूर्तीच्या मुखावर भीष्मांच्या बाणांचे व्रण दाखविले आहेत. गीता सांगणारा हा सारथी ज्या वस्तीत उभा आहे, तिच्यातच थोड्या अंतरावर वालाजाही मशीद आहे. कर्नाटकचे नवाब मुहम्मद अली वालाजाह यांच्या घराण्याने ती इ. स. १७९५ मध्ये बांधली. ज्यांच्या अक्षरांवरून बांधणीचे वर्ष काढता येते, अशा फारसी ओळी त्या मशिदीत शिळेवर कोरलेल्या आहेत, आणि त्या रचणारा विद्वान होता नवाबाच्या पदरचा राजा माखनलाल खिरत, म्हणजे एक हिंदू. आपण कोणाच्या घरासाठी ओळी रचीत आहोत, याविषयी त्याच्या मनात काय असेल, हे त्यालाच ठाऊक.

आता मूळ श्लोकाकडे वळू. नवव्या अध्यायाच्या तेविसाव्या श्लोकात भगवंत सांगतात की, श्रद्धेने युक्त होऊन जे अन्य देवतांचे भजन करतात, तेही माझेच भजन करतात. मात्र ते भजन ‘अविधिपूर्वक’ असते. पुढच्याच श्लोकात कारण दिले आहे. सर्व यज्ञांचा भोक्ता व स्वामी मीच. पण ते मला तत्त्वतः जाणत नाहीत, म्हणून च्युत होतात. प्रवचनांतून व व्याख्यानांतून या दोन श्लोकांचा पहिला भाग तेवढा सांगितला जातो आणि उरलेला गिळला जातो. मग असे वाटू लागते की, भगवंतांनी सर्व उपासनांना एकाच तागडीत तोलले. तसे त्यांनी केलेले नाही. अर्पण शेवटी कोणाकडे पोहोचते, याविषयी श्लोक निःशंक आहे. अर्पण करणाऱ्याला काय कळले आहे, याविषयी तो तितकाच कठोर आहे.

‘अविधिपूर्वक’ या शब्दावर आचार्यांनी निरनिराळा भर दिला आहे. श्रीशंकराचार्य अविधी म्हणजे अज्ञान असा सरळ अर्थ करतात. श्रीरामानुजाचार्य, ज्यांचे जन्मस्थान श्रीपेरुम्बुदूर या चेन्नईपासून फार दूर नाही, ते म्हणतात की इंद्रादी देवता या परमात्म्याचे शरीर होत. त्यांच्या ठायी अंतर्यामी असणाऱ्याला न ओळखता केवळ त्यांनाच भजणे, हा तो अविधी. आपल्या ज्ञानोबारायांनी मात्र या ठिकाणी दृष्टांत असे योजले आहेत की, शास्त्र न शिकलेल्यालाही ते पटावेत. झाडाच्या फांद्या आणि पालवी एकाच बीजाची खरी, तरी पाणी मुळाशीच घालावे लागते. दहा इंद्रिये एकाच देहाची आणि त्यांनी सेविलेले विषय एकाच ठिकाणी पोहोचतात, हेही खरे. म्हणून काय उत्तम स्वयंपाक करून तो कानात भरावयाचा, की फुले आणून डोळ्यांना बांधावयाची? अन्न मुखानेच घ्यावे आणि फुलाचा वास नाकानेच. एकत्व मान्य करूनही रीतीचा भेद माउली सोडीत नाहीत, हे येथे महत्त्वाचे.

परंतु या श्लोकात आपले शेजारी ‘भाई’ बसतात काय? मला वाटते, आपण त्यांना येथे बसविण्याची घाई करतो. श्लोक अन्य देवतांच्या भक्तांविषयी आहे. कामनापूर्तीसाठी इंद्राला, यमाला, कुबेराला भजणाऱ्यांविषयी आहे. मुसलमान मनुष्य अशा एखाद्या देवतेला भजत नाही. ज्याने सर्व निर्माण केले आणि ज्याला दुसरा नाही, त्यालाच मी भजतो, असे त्याचे म्हणणे असते. तो मूर्तीही मानीत नाही. तेव्हा त्याच्यासाठी स्थान शोधावयाचेच असेल तर ते बाराव्या अध्यायात शोधणे अधिक उचित. तेथे अर्जुन विचारतो की, सगुण रूपाला भजणारे आणि अव्यक्त अक्षराला भजणारे यांत योगवेत्ते कोण. आणि भगवंत सांगतात की, इंद्रिये आवरून, सर्वत्र समबुद्धी ठेवून, भूतमात्राच्या हितात रमून जे अव्यक्ताची उपासना करतात तेही मलाच येऊन मिळतात, फक्त देहधाऱ्याला ती वाट कष्टाची आहे.

तरी हाही मेळ पुरता जुळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बाराव्या अध्यायातील अक्षर हे अनिर्देश्य व अचिंत्य आहे. मुसलमानांचा अल्लाह निराकार आहे खरा, पण निर्गुण नव्हे. तो ऐकतो, आज्ञा करतो, क्षमा करतो, न्याय करतो. आपल्या परिभाषेत त्याला निराकार-सगुण म्हणावे लागेल, आणि गीतेत त्या नावाचा वेगळा खण नाही. दुसऱ्याच्या उपासनेला आपल्या खणांत कोंबून ‘पाहा, बसली की नाही’ म्हणणे, ही विद्वत्ता नव्हे. तसेच ‘सर्व धर्म’ हा शब्दही जपून वापरावा. बौद्ध आणि जैन हे जगत्कर्ता ईश्वर मानीत नाहीत. ते आमच्याच देवाला भजतात असे आम्ही त्यांच्या वतीने जाहीर करणे, म्हणजे त्यांच्या आचार्यांनी शतकानुशतके जे प्रतिपादिले ते न वाचताच निकाल देणे होय.

मग ‘देव एक’ हे खोटे म्हणावयाचे काय? तसेही नाही. या नगराचे नाव १९९६ सालापर्यंत सरकारी कागदोपत्री मद्रास होते, पुढे चेन्नई झाले. इंग्रजांना तिरुवल्लिक्केणी म्हणता येईना, म्हणून त्यांनी ट्रिप्लिकेन केले. दोन नावे, वस्ती एकच. परंतु एवढ्यावरून कोणी मैलापूर आणि तिरुवल्लिक्केणीही एकच म्हणू लागला, तर आपण त्याला वेडा म्हणू. तेव्हा नावे निराळी म्हणून वस्तू निराळी, हा नियम चुकीचा; आणि कोणतीही दोन नावे घ्या, वस्तू एकच, हाही नियम चुकीचा. नावाने काय दाखविले जात आहे, हे पाहावे लागते. जेथे दोघेही चराचराच्या एकमेव स्वामीला उद्देशून हात जोडतात, तेथे दोन स्वामी असूच शकत नाहीत. कारण दोन असते तर दोघांचेही म्हणणे खोटे ठरले असते. वाद उरतो तो त्याच्याविषयी काय म्हणावे याचा. तो अवतार घेतो, असे आपण म्हणतो, आणि पुनःपुन्हा घेतो असे चौथा अध्याय सांगतो. ख्रिस्ती म्हणतात, तो एकदाच मनुष्य झाला. मुसलमान म्हणतात, असे कधीच घडत नाही. ही तिन्ही मते एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, आणि ती खरी आहेत असे सौजन्यापोटी म्हणण्याने कोणाचेही हित होत नाही.

येथे शंका येईल की, ज्याच्याविषयी इतके चुकीचे मत, त्याचीच ती उपासना कशी? याचे उत्तर गीतेतच आहे, आणि ते देणारा आहे अर्जुन.

अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यावर अर्जुनाला प्रथम काय आठवते? आपण याला आजवर काय समजत आलो, हे आठवते. तो क्षमा मागतो की, तुझा महिमा न जाणता, केवळ सखा समजून मी तुला नावाने हाका मारल्या, खेळताना, बसता-उठता, जेवताना, एकांतात आणि चारचौघांत थट्टेने तुझा अवमान केला. आता पाहा, अर्जुनाचे श्रीकृष्णाविषयीचे ज्ञान किती अपुरे होते! यादवांपैकी एक, आपला मामेभाऊ, जिवलग मित्र, एवढेच. जगन्नियंता हे त्याच्या स्वप्नीही नव्हते. परंतु म्हणून त्या हाका दुसऱ्या कोणाला गेल्या काय? ‘तू ज्याला सखा म्हणत होतास तो कोणी निराळाच होता,’ असे भगवंत त्याला सांगत नाहीत. हाक चुकीच्या समजुतीने मारली होती. ऐकणारा तोच होता. अविधिपूर्वक या शब्दाचे याहून चांगले भाष्य मला आजवर आढळलेले नाही.

आणि याच प्रसंगात दुसरीही एक गोष्ट आहे, जी आपल्याला थोडी बोचते. चूक कोणाची निघाली? परक्याची नव्हे, सर्वांत जवळच्या भक्ताची. रोज रथावर शेजारी बसणाऱ्याची. तेव्हा ‘अविधिपूर्वक’ हा शब्द समोरच्या बिऱ्हाडाच्या दारावर लावण्यापूर्वी आपल्या देवघराच्या चौकटीवर लावून पाहावा. पुत्र व्हावा, बढती मिळावी, दावा जिंकावा म्हणून जो सत्यनारायण पुजला जातो, त्यात सत्य किती आणि नारायण किती?

हा प्रश्न परधर्मीयांनीही आपापसांत मांडला आहे आणि तोही याच नगराच्या सीमेवर. डिसेंबर १९३८ मध्ये तांबरम येथे मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या आवारात जगभरच्या ख्रिस्ती मिशनांची मोठी परिषद भरली होती. हेंड्रिक क्रेमर या डच पंडिताने तिच्यासाठी मुद्दाम एक ग्रंथ लिहिला होता. ख्रिस्तातील ईश्वरी प्रकटीकरण आणि इतर धर्म यांत सांधा नाही, इतर धर्म हे मनुष्याचे आपले प्रयत्न होत, असा त्याच्या म्हणण्याचा रोख. त्याला विरोध करणाऱ्यांत त्याच महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविलेले व प्राचार्य राहिलेले ए. जी. हॉग हे होते. हॉग स्वतः पक्के ख्रिस्ती व मिशनरी. परंतु त्यांचे म्हणणे असे की, माणसाची श्रद्धा आणि त्याची मते या दोन गोष्टी आहेत. मते भिन्न असूनही ख्रिस्ती धर्माबाहेरच्या माणसाचा ईश्वराशी जिवंत संबंध असू शकतो. पी. चेंचय्या यांच्यासारख्या येथील ख्रिस्ती विचारवंतांनाही क्रेमरचे मत मान्य नव्हते. याच हॉगांच्या हाताखाली सर्वपल्ली राधाकृष्णन शिकले. मिशनऱ्यांच्या आक्षेपांनी अस्वस्थ होऊन त्यांनी १९०८ साली वेदान्ताच्या नीतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि हॉगांनी त्याची वाखाणणी केली. गुरूने शिष्याला आपल्या मतात ओढले नाही, शिष्याने गुरूला आपल्या मतात ओढले नाही. सातव्या अध्यायाच्या एकविसाव्या श्लोकात, ज्याची ज्या रूपी श्रद्धा असेल त्याची तीच श्रद्धा मी अचल करतो, असे भगवंत म्हणतात. हॉगांचा भेद या श्लोकाच्या फार जवळ येतो.

याच नगरातील तरुणांनी वर्गणी जमवून स्वामी विवेकानंदांना १८९३ साली शिकागोस जाण्यास साहाय्य केले होते, आणि तेथील पहिल्याच भाषणात स्वामींनी चौथ्या अध्यायातील अकराव्या श्लोकाचा आधार घेतला. जे मला जसे शरण येतात त्यांना मी तसा प्रतिसाद देतो, हा तो श्लोक. पुष्कळ लोक तो जणू सर्व धर्मांमधला करार असावा तसा वाचतात. पण श्लोकातील ‘मी’ कोण, हे विसरू नये. तेथे बोलणारा देव आहे, उपासक नव्हे. मी कसा प्रतिसाद देतो, हे तो सांगतो. ‘अर्जुना, तू जाऊन शेजाऱ्याकडून हे कबूल करून घे’ असे सांगत नाही. देव एक आहे हा गीता वाचणाऱ्याने स्वतःवर घालून घ्यावयाचा नियम आहे. त्यामुळे दुसऱ्याच्या उपासनास्थानाची विटंबना करणे, त्याच्या नमाजाच्या वेळी मुद्दाम गोंगाट करणे, त्याची प्रार्थना भलतीकडेच जाते असे मानून तिची हेटाळणी करणे मला वर्ज्य होते. परंतु ‘देव एक, म्हणून तू माझा प्रसाद घेतलाच पाहिजेस’ असे म्हणण्याचा अधिकार मला त्यातून मिळत नाही. ज्याने हे वाक्य मानलेलेच नाही, त्याच्यावर त्याच्या अटी कशा चालतील?

आणि प्रसाद न घेणे म्हणजे देव न मानणे, हे समीकरण तरी आपल्यात कोठे आहे? शिवाच्या पिंडीवर वाहिलेला नैवेद्य आपल्याकडील कित्येक घरांत निर्माल्य म्हणून खात नाहीत. ती माणसे काय शिवद्वेष्टी असतात? पार्थसारथीच्या देवळाभोवती राहणारे कडक आचाराचे श्रीवैष्णव मैलापूरच्या कपालीश्वराचा प्रसाद घेत नाहीत, पण म्हणून कपालीश्वराचा भक्त त्यांच्याशी अबोला धरीत नाही. मुसलमानांना त्यांच्या शास्त्राने अल्लाहखेरीज इतर कोणास उद्देशून वाहिलेले अन्न निषिद्ध आहे. ख्रिस्ती लोकांतही मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाविषयी आरंभापासून विचार झाला असून पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याची चर्चा आहे. भाईंनी वाटी परत केली ती आपल्या नेमासाठी. बारा वर्षांच्या ओळखीत त्यांनी खोटे बोलून वाटी घेतली असती आणि मागच्या दाराने कोणाला देऊन टाकली असती, तर कोणालाच काही कळले नसते. ते जिना उतरून-चढून नव्हे, पण चार पावले चालून समोर आले आणि खरे बोलले. सत्यनारायणाच्या पूजेच्या दिवशी हे घडले, याकडे मी त्या गृहस्थांचे लक्ष वेधले.

त्यांना हे पटले, परंतु त्यांच्या पत्नीला पटावयास पाहिजे होते, आणि बायकांना युक्तिवादापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले अधिक पटते, असे म्हणण्याची आमच्या पिढीची सवय आहे. खरे तर पुरुषांचेही तसेच असते. रमझानच्या महिन्यात मी त्या उभयतांना सायंकाळी वालाजाही मशिदीकडे घेऊन गेलो. तेथे कित्येक वर्षांपासून चालत आलेली एक गोष्ट चेन्नईबाहेर फारशी कोणास ठाऊक नाही. दिवसभराचा उपवास सोडावयास जमलेल्या शेकडो लोकांना जे अन्न तेथे वाढले जाते, ते सूफीदार या संस्थेचे हिंदू सेवक आणतात. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन या नगरात आलेले दादा रतनचंद यांनी ही प्रथा सुरू केली. त्यांचे मंदिर मैलापुरात, ज्या रस्त्याला आता राधाकृष्णन यांचेच नाव आहे त्या रस्त्यावर आहे, आणि त्यात हिंदू संत, सूफी अवलिये, नानकदेव व येशू यांच्या तसबिरी आहेत.

ज्या माणसाने फाळणीत घरदार गमावले, त्याने मुसलमानांच्या उपवासाला अन्न पुरवावे, यावर पुष्कळ बोलता येईल. पण बाईंचे लक्ष दुसरीकडेच होते. अन्न शाकाहारी होते. वाढणाऱ्यांनी डोक्यावर टोपी घातली होती. सूर्यास्ताची बांग होईपर्यंत कोणी घासाला हात लावला नाही, आणि वाढणाऱ्यांनीही कोणाला आग्रह केला नाही. म्हणजे वाढणारे आपल्या आहाराचा नेम पाळीत होते, जेवणारे आपल्या उपवासाचा. आणि दोहोंत कोठेही अडथळा येत नव्हता. “यांनी हे प्रसाद म्हणून दिले असते, तर यांनी घेतले नसते ना?” बाईंनी हळूच विचारले. मी म्हटले, “बहुधा नसते.” परतताना त्या काही बोलल्या नाहीत.

मराठी वाचकांस येथे एक आठवण सांगावीशी वाटते. नागोरच्या दर्ग्याचा सर्वांत उंच मनोरा तंजावरचे मराठे राजे प्रतापसिंह यांनी अठराव्या शतकात बांधून दिला. तो बांधताना राजाने दर्ग्याच्या मुजावरांकडून आपल्या कुलदेवतेविषयी काही कबूल करून घेतल्याचे कोणी सांगत नाही.

ईद आली. शिरखुर्म्याचे भांडे समोरच्या दारातून आले आणि ते परत गेले नाही. म्हणजे गेले, पण रीतीप्रमाणे साखर घालून. त्यानंतर पौर्णिमेला त्या घरी पुन्हा सत्यनारायण झाला. पूजेची मांडणी करण्यापूर्वी बाईंनी केळ्यांच्या घडातून एक फणी तोडून वेगळी ठेवली, ती देवापुढे नेली नाही, आणि पूजा सुरू होण्याच्या आधीच समोर देऊन आल्या. भाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली.

त्या रविवारी गृहस्थांनी मला नवीनच शंका विचारली. ती फणी देवापुढे न ठेवताच दिली, तेव्हा ती नैवेद्यात धरावयाची की नाही? मी त्यांना नवव्या अध्यायाचा सत्ताविसावा श्लोक, जेथे जे करतोस, जे खातोस, जे देतोस ते सर्व मला अर्पण कर असे भगवंत सांगतात, तो पत्नीसह बसून वाचावयास सांगितले आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.